एकशे एकावी खूण

"शंभर," जोएटा टीग हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणाली आणि तिच्या गाडीनं रेषा ओलांडली.

झेंडा पडला नाही.

झेंडेवाला आपल्या उंच चौथऱ्यावर हात खाली सोडून उभा होता. शेजारच्या लाकडी पाटीवर नव्व्याण्णवचा आकडा होता. पुढं ड्वाइट सिग्मनची पिवळी गाडी लाल मातीचे लोट मागं फेकत वळणाला लागली होती. जोएटानं पाय उचलला नाही. आणखी एक फेरी झाली, आणि या वेळी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला. पडला तो ड्वाइटवर. तिच्या गाडीच्या नाकापासून दोन गाड्यांच्या अंतरावर.

तिनं गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि खिडकीच्या भोकातून बाहेर पडली. अंगावर घामानं माती चिकटली होती. मैदानाच्या मध्यभागी ड्वाइट गाडीच्या टपावर चढला होता आणि हॉइल बमगार्नर त्याच्या हातात त्या सोमवारच्या कामगार दिनाच्या शर्यतीचा कप देत होता. फोटोवाला गुडघ्यावर बसला होता. लोक ओरडत होते. उकडलेल्या शेंगांची ओली टरफलं बाकांवरून खाली उडत होती.

बासष्टाव्या फेरीला एक गाडी कठड्यावर आदळली तेव्हा पिवळा झेंडा लागला होता. पिवळ्या झेंड्याखालच्या फेऱ्या तिथं मोजल्या जात. ड्वाइट पहिला होता, ती दुसरी. ड्वाइटचा टायर फुटला म्हणून तो आत थांबला, आणि त्याच्या मदतनीस पोरांनी चाक बदलेपर्यंत तिनं एक अख्खा वळसा घेतला. तो बाहेर आला तो बरोबर तिच्या पुढं. डोळ्यांना वाटावं तोच पहिला. खरं तर तो एक फेरी मागं होता. पाटीवाल्याची नजर पहिल्यापासून ड्वाइटवर. ड्वाइट थांबला तशी पाटीही थांबली. जोएटानं ते पाहिलं होतं, म्हणून तर ती पुढच्या सगळ्या फेऱ्या त्याच्या मागं शांतपणे राहिली होती. ज्याला एकदा मागं टाकलंय त्याच्याशी पुन्हा झोंबायचं कशाला?

ती सरळ हॉइलकडे गेली.

"मिस्टर हॉइल, तो कप माझा आहे."

हॉइल हसला. शर्यतीचं मैदान त्याचं, नियम त्याचे, हसूही त्याच्याच हिशोबानं यायचं.

"पोरी, सगळ्या जगानं पाहिलं कोण पुढं होतं ते."

"पुढं तो होता. जास्त मी पळाले. मोजणारणींना विचारा."

"विचारू की," हॉइल म्हणाला. "तुझी आईच बसलीय ना वर."

मोजणाऱ्या बायकांचं मचाण रेषेसमोर होतं. बारा गाड्या, बारा बायका, समोर एक मोठं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की कागदावरच्या चौकटीत खूण करायची आणि घड्याळातली वेळ लिहायची. कागदावर दहा चौकटींच्या दहा ओळी. लुवेनिया टीग सव्वीस वर्षं त्या बायकांची मुख्य होती. त्याआधी, सत्तेचाळीस साली, बायकांच्या एका शर्यतीत ती स्वतः पळाली होती आणि साडेचार फेऱ्यांत सगळ्यांना धूळ चारली होती. मग बायकांच्या शर्यती बंद झाल्या. गाड्यांच्या आवारात बाईनं पाऊल टाकायचं नाही असा नियम आला. वर बसून मोजायला मात्र बायका चालत. लुवेनिया वर चढली ती उतरलीच नाही.

नवरा चर्चमध्ये गाणारा, त्याला इंजिनाचा आवाज सोसायचा नाही. शर्यत हे मायलेकींचं होतं. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात रेडिओवर मोठ्या शर्यतीचं वर्णन लागायचं आणि दोघी टोमॅटोचे सँडविच खात पिठाच्या पिशवीच्या मागच्या बाजूला चौकटी आखून खुणा करायच्या. सात वर्षांची जोएटा एकदा ऐकायला चुकली आणि अंदाजानं खूण करून मोकळी झाली. लुवेनियानं तो कागद फाडून चुलीत घातला होता. "पाहिलं नाहीस, ऐकलं नाहीस, तर ते झालंच नाही," एवढंच ती बोलली होती.

दोन वर्षांपूर्वी आवाराचा नियम उठला, आणि मोज्यांच्या गिरणीतल्या पगारातून जोएटानं गाडी उभी केली. तेव्हा हॉइलनं एक नवा नियम काढला. आईनं लेकीच्या फेऱ्या मोजायच्या नाहीत. त्यानं स्वतः वाटणी करून दिली होती. जोएटाची गाडी ड्वाइटच्या बायकोकडे, आणि ड्वाइटची गाडी लुवेनियाकडे. "बघा एकमेकींवर नजर ठेवून," असं म्हणून तो खूप हसला होता.

आता तो धापा टाकत शिडी चढला. मागं जोएटा. मागून ड्वाइट, कप काखेत मारून.

"मिस लुव्ही," हॉइल म्हणाला, "ड्वाइटच्या किती?"

लुवेनियानं चष्मा नाकावर ढकलला. "शंभर. शेवटची चार वाजून अकरा मिनिटं, एकोणीस सेकंद."

"झालं तर मग!"

"आई," जोएटा म्हणाली.

"शंभर झाल्या त्याच्या. एकही कमी नाही."

"आई, तो बासष्टला थांबला होता. तुझ्या कागदावर दिसत असेल. दोन खुणांमध्ये दुप्पट वेळ असेल!"

"वेळ आहे. जास्त आहे. तो थांबला होता हे माझ्या कागदावर आहे." लुवेनियानं कागदावर हात ठेवला. "तुझ्या किती झाल्या ते माझ्या कागदावर नाही."

"तू पाहिलंस की!"

"मी ड्वाइट पाहत होते. तेच माझं काम होतं."

जोएटाची कानशिलं तापली. सव्वीस वर्षं जिच्या शब्दावर निकाल लागत आले ती बाई आज लेकीसाठी एक शब्द खर्चायला तयार नव्हती. तिनं मचाणाचा कठडा घट्ट धरला. धरला नसता तर हातून काहीतरी फेकलं गेलं असतं.

मग सगळ्यांच्या नजरा एकदमच टोकाच्या खुर्चीकडे वळल्या.

फ्रीडा सिग्मन किडकिडीत, तिशीची. गिरणीत ती जोएटापासून चार यंत्रं सोडून बसायची, पण वर्षभरात दोघी 'हवा तापलीय' यापलीकडे बोलल्या नव्हत्या. तिनं कागद उलटा करून मांडीवर ठेवला होता आणि त्यावर दोन्ही हात.

"फ्रीडा," हॉइल म्हणाला, "शंभर ना?"

फ्रीडानं कागद मांडीवर आणखी घट्ट दाबला.

"कागद दे इकडं, मी बघतो."

"कागद मुख्य मोजणारणीकडं द्यायचा असतो," फ्रीडा म्हणाली. आवाज बारीक होता. "तुम्हीच केलाय तो नियम."

"फ्रीडा," ड्वाइट शिडीवरूनच म्हणाला, "चल, घरी जाऊ."

लुवेनियानं खुर्ची वळवली. हात पुढं केला नाही. "फ्रीडा, घाई नको," ती म्हणाली. "शंभर असतील तर शंभर म्हण. मी सही करीन आणि माझी लेक दुसरी आली असं माझ्या हातानं लिहीन."

फ्रीडानं नवऱ्याकडं पाहिलं. ड्वाइटनं कप दुसऱ्या काखेत घेतला. मग तिनं कागद सरळ केला आणि उठून लुवेनियाच्या टेबलावर ठेवला.

दहा ओळी भरलेल्या होत्या. शेवटची चौकट संपली होती, आणि कागदाच्या काठावर, जिथं काही लिहायची जागाच नव्हती, तिथं पेन्सिलीची आणखी एक खूण होती. शेजारी बारीक अक्षरात: चार अकरा वीस.

"मला वाटलं माझंच चुकलं," फ्रीडा म्हणाली. "म्हणून तीनदा मोजल्या. चौकटी संपल्या तरी ती पळतच होती."

हॉइलनं कागद उचलला, उजेडात धरला, ठेवला.

"पेन्सिल घसरली."

"घसरलेली पेन्सिल वेळ लिहीत नाही," लुवेनिया म्हणाली.

"हे बघा मिस लुव्ही, कप दिलाय. फोटो निघालाय. लोक घरी निघाले. तुम्ही सही करा, पुढच्या वेळी बघू."

लुवेनियानं निकालाचा कागद ओढला आणि सावकाश लिहिलं. पहिली, जोएटा टीग, एकशे एक. दुसरा, ड्वाइट सिग्मन, शंभर. खाली सही केली आणि कागद त्याच्यासमोर सरकवला. हॉइलनं तो चार तुकडे करून खाली टाकला. तिनं दुसरा कागद घेतला आणि तेच पुन्हा लिहिलं. तोही त्यानं फाडला. तिनं तिसरा घेतला.

"माझ्याकडं अख्खा गठ्ठा आहे, हॉइल," ती म्हणाली. तिनं त्याला नुसतं नावानं हाक मारलेली बायकांनी पहिल्यांदाच ऐकली.

"शनिवारपासून वर चढायचं काम नाही," तो म्हणाला. "कुणीच. माझे पुतणे मोजतील. तुम्ही घरी बसून स्वेटर विणा."

बायकांनी आपापल्या पेन्सिली पर्समध्ये टाकल्या. फ्रीडा सगळ्यात शेवटी उतरली. जोएटानं ट्रकमधून पाहिलं, ती ड्वाइटच्या शेजारी जाऊन बसली, आणि कप दोघांच्या मधे सीटवर ठेवलेला होता. गाडी हलेपर्यंत दोघांपैकी कुणी मान वळवली नाही.

रस्त्याला लागल्यावर जोएटानं खडखडाट करत गियर बदलला.

"ती शंभर म्हणाली असती तर?" जोएटानं विचारलं.

"तर तू दुसरी."

"खोटं आहे हे माहीत असून सही केली असतीस?"

"तिच्या कागदावर मी माझं मत लिहिलं, तर उद्या तुझ्या शंभर फेऱ्यांना तरी कोण विचारील?" लुवेनियानं खिडकीची काच खाली केली. "आता रागाव माझ्यावर. पण गियर नीट टाक. कधीची दातओठ खातेय ती पेटी."

जोएटा रागावली. गुरुवारपर्यंत ती आईशी धड बोलली नाही. शुक्रवारी हॉइलच्या तपासनिसानं तिच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण पाव इंच मोठं आहे असं सांगून गाडी दारातून परत लावून दिली, आणि तो राग आपोआप दुसरीकडं वळला.

शनिवारी दुपारी लुवेनियानं रविवारचा पोशाख घातला.

"कुठं निघालीस?"

"मैदानावर. तिकीट काढून."

बाकांच्या पाचव्या रांगेत, रेषेच्या अगदी समोर, अकरा बायका आधीच बसलेल्या होत्या. फ्रीडाही. तिच्या डाव्या बाजूला एक जागा रिकामी होती, तिथं लुवेनिया बसली. घड्याळ तिथून तिरकं दिसे, पण दिसे. लुवेनियानं हातानं आखलेले कागद वाटले. आज तेरा गाड्या होत्या, त्यांच्या रांगा बघून बायकांना नंबर दिले. शेवटचा कागद तिनं जोएटापुढं धरला.

"तुला सिग्मन."

"मला?"

"फ्रीडाला नवऱ्याची देता येत नाही. बाकीच्यांच्या वाटून झाल्या." आणि मग, पेन्सिल देताना, "नजर उचलायची नाही."

पन्नास फेऱ्यांची शर्यत होती. वर मचाणावर हॉइलचे दोन पुतणे थंड बाटल्या पीत बसले होते. सतराव्या फेरीला त्यांतला एक खाली वाकून कुणाला तरी हाक मारत होता. जोएटानं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि लगेच पिवळी गाडी पकडली. अठरा. एकोणीस. तिला ड्वाइटचं वळण घेणं आवडायचं नाही, तो आतल्या बाजूला फार लवकर शिरायचा. आज तीच गोष्ट दर फेरीला पाहावी लागत होती, आणि तिसाव्या फेरीच्या सुमारास तिच्या लक्षात आलं की तो लवकर शिरत नाही, उशिरा निघतो. मोजता मोजता ती ते शिकत होती. शेजारी आई पुटपुटत खुणा करत होती, स्वयंपाकघरातल्यासारखी, ओठ हलवत.

झेंडा पडला. कर्ण्यातून निकाल आला. ड्वाइट सिग्मन तिसरा. बाकांवर कुजबुज झाली, मग शिट्ट्या.

जोएटानं कागदाकडं पाहिलं. पन्नास खुणा. एकही सुटलेली नाही. आईनं सगळ्यांचे कागद शेजारी शेजारी लावले, तेव्हा ड्वाइट दुसरा आला होता. कर्ण्यानं दुसरी म्हटलेली गाडी खरं तर त्याच्या पुढं कधीच गेली नव्हती, ती आत थांबून नुसती एक फेरी उशिरा त्याच्या पुढ्यात बाहेर आली होती. अगदी सोमवारी झालं तेच, फक्त माणसं उलटी.

ती कागदाची घडी करून खिशात टाकू शकली असती.

ड्वाइट कठड्याशी आला. हेल्मेट हातात, तोंडावर मातीचा मुखवटा. तो पाचव्या रांगेपर्यंत चढला. त्यानं बायकोकडं पाहिलं. फ्रीडानं हनुवटीनं जोएटाकडं खूण केली.

"तू?" तो म्हणाला.

"मी."

"माझ्या किती?"

जोएटानं बोट ठेवून पुन्हा मोजल्या. पहिल्यापासून. त्याला उभं ठेवून.

"पन्नास," ती म्हणाली. "दुसरा आलास तू. वेळेसकट आहे, बघायच्या असतील तर बघ."

त्यानं कागद घेतला नाही. हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत तो उभा राहिला.

"सोमवारी बासष्टला मी थांबलो होतो," तो म्हणाला. शेजारच्या रांगेलाही ऐकू गेलं. "मला माहीत होतं."

"मलाही होतं," जोएटा म्हणाली.

"हॉइलला जाऊन सांगतो."

"सांग." तिनं सही करून कागद त्याच्या हातात कोंबला. त्याच्या मागं, पायऱ्यांवर, आणखी चार गाडीवाले हेल्मेट काखेत घेऊन थांबले होते, आणि खालून दोघं चढत होते. "पण आधी बाजूला हो. लोक रांगेत आहेत."