पदकाआधीची मिरवणूक

सोनम कांबळेनं पुढं कायाकिंगची इतकी पदकं आणली की तिच्या आईनं ती खुंटीला अडकवायचंच सोडून दिलं. पण पहिल्या सुवर्णपदकाची मिरवणूक पदकाच्या आदल्या दिवशीच निघाली होती. असला आगाऊपणा करावा तर कोल्हापूरकरांनीच!

ही २००१ सालची गोष्ट. ही पोरगी पंचगंगेत, तिचे प्रशिक्षक सोमशेखर सरांच्या शिव्या खात वल्हवायला शिकली. कायाक म्हणजे एकट्यानं वल्हवायची नाव, आणि ती इतकी अरुंद, की नुसतं शिंकलं तरी उलटायची. पहिले चार महिने सोनम नावेत कमी आणि पाण्यात जास्त असायची. नंतर मात्र तिनं असा वेग धरला की सरांच्या शिव्या आटल्या, आणि तिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी भोपाळला रवानगी झाली.

तिथं पाचशे मीटरच्या प्राथमिक फेरीत सोनम पहिली आली. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या अंतिम शर्यतीत जागा मिळाली, एवढंच. पण तिला कुठला दम निघतोय! तिनं एसटीडी बूथ गाठला, शेजारच्या विठाबाईंच्या दुकानात फोन लावला आणि वडिलांना, बाळासोंना, बोलावून घेतलं.

“आप्पा, पयल्या फेरीत मी पयली आलो! फायनल उद्या हाय, आता—”

“पयलीऽऽ!” बाळासोंनी आरोळी ठोकली आणि फोन आपटून ते पळालेसुद्धा.

संध्याकाळी तिनं पुन्हा फोन लावला, तर पलीकडं हलगी कडाडत होती.

“सोनम व्हय?” विठाबाई ओरडल्या. “अगं, तुझा बा ट्रॅक्टरवर चढून नाचतोय! गुलालानं माणूस वळखू येईना झालंय!”

“मावशी, पण फायनल उद्या हाय की!”

“उद्याचं उद्या! आमचं पेढं खाऊन झालं!”

निवडणूक असो नाहीतर फुटबॉल, कोल्हापुरात एकदा उधळलेला गुलाल परत पोत्यात भरता येत नाही. निकालाआधी नाचून मग हरलेल्या माणसाला गल्ली जन्मभर विसरत नाही. उद्या आपण हरलो तर आप्पा फौंड्रीत कामाला कुठल्या तोंडानं जाणार? सुवर्णपदक गेलं चुलीत, आप्पांचं नाक वाचलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. तिनं सरांना सांगितलं, तर सर हसून हसून पायरीवरच बसले.

“मग आता दुसरी येऊन भागायचं न्हाय,” डोळे पुसत ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यत सुटली. निम्म्यावर सोनम चौथी होती. खांदे दगड झाले होते, वल्हं जड लागत होतं. तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर आप्पा आले, ट्रॅक्टरवर, कानात गुलाल, नाकात गुलाल, आणि तिला हसू फुटलं. भर शर्यतीत ती खिदळायला लागली! हसता हसता खांदे मोकळे झाले आणि हात भराभर चालायला लागले. तिसरी मागं पडली, दुसरी पडली, आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये पहिलीसुद्धा. सोनम हातभर अंतरानं जिंकली.

ती ओल्या कपड्यांनीच बूथवर धावली.

“आप्पा, जिंकलो! तुमची मिरवणूक खरी केली बघा! किती घाबरलो हुतो म्हाईत हाय? काल नुसती फेरी हुती. तुम्ही ऐकून न घेताच पळाला!”

“ऐकलं हुतं की,” बाळासो म्हणाले.

“मग वो?”

“आज जिंकलीस, तर सगळं कोल्हापूर नाचतंय. हरली असतीस, तर कोण हलगी वाजवणार हुतं? माझी पोरगी एवढ्या लांब जाऊन एकदा पयली आली, मला तेवढंच लई झालं. म्हणून कालच उरकून घेतलं.”

सोनमला रडू आवरेना. बूथवाला बिचारा पाणी घेऊन धावला.

“आणि लोकांनी नावं ठेवली असती तर?” तिनं हुंदके देत विचारलं.

“ठेवू देत की! पर आता ठेव फोन, दोन ट्रॅक्टर दारात हुबं हायत.”