डाव्या दाराचं निळं अस्तर

कॅसिमिर डुडेकला या सगळ्यात काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे कुणावर उगाच अन्याय व्हायला नको. एक वीतभर पितळी पाटी. तिच्यावर ‘वेल्डन मेरिडियन, १९६१’ आणि खाली ‘कॅसिमिर डुडेक यांच्याकडून’. वेल्डन मोटार कंपनीच्या शताब्दी दालनात शिरलं की डावीकडचा तिसरा चौथरा. शिवाय रविवारी चर्चबाहेर चार माणसांनी थांबून हात मिळवावा, एवढा मान. बदल्यात द्यायचं काय, तर एक गाडी. ती तीस वर्षं बहिणीच्या गॅरेजमध्ये उभी होती आणि ती त्याने स्वतः धुतल्याचं ब्रॅडी गावात कुणी पाहिलं नव्हतं.

सौदा चांगला होता. मी त्याच्या जागी असते तर मीही केला असता.

बहीण व्हर्ना थोरली, चौऱ्याहत्तर वर्षांची. जन्मभर कारखान्यात गाड्यांना दारं बसवणाऱ्या म्हाताऱ्या ब्रूनो डुडेकने मरताना घर मुलीला दिलं आणि गाडी मुलाला. कॅसने त्याच वर्षी कामगारांच्या सवलतीत कंपनीची नवी गाडी घेतली आणि जुनीबद्दल म्हणाला, “राहू दे तुझ्याकडे.” तेव्हापासून कागद त्याच्या नावावर आणि फडकं हिच्या हातात. आईला डॉक्टरकडे नेणं, चर्च, बाजार, सगळं त्या गाडीतून. थंडीत बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकलं की, पत्रा गंजू नये म्हणून, गाडी मार्चपर्यंत बाहेर निघायची नाही. व्हर्ना स्वतः बसने जायची.

आता व्हर्नाचे गुडघे गेले होते. घर विकलं होतं, ऑगस्टअखेर चावी द्यायची होती. तिला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एक खोली मिळाली होती, आणि खोलीला गॅरेज नसतं. कॅसच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या आणि एक होडी. म्हणजे दोनच वाटा उरल्या. दालनाने मेरिडियन घेतली तर ती व्हर्नाच्या खोलीपासून दोन चौकांवर राहणार, काठी टेकत जाता येईल इतक्या जवळ. नाही घेतली तर टेक्ससमधला एक गृहस्थ चेक लिहूनच बसला होता.

“पाटीवर माझं नाव नसलं तरी चालेल,” व्हर्ना क्लबात मला म्हणाली होती. “पण गाडी गावात राहू दे. एवढं बघ.”

बघायला मी कोण? वेल्डन गाड्यांच्या मालकांच्या क्लबची चिटणीस. पत्रं टाइप करायची, परीक्षकांची मतं कागदावर उतरवायची.

आमच्या गावात वयसुद्धा कंपनीवरून मोजतात. वेल्डनने घोडागाड्या सोडून मोटारी करायला घेतल्या त्या वर्षी कुणाचा आजा पोलंडहून उतरला. मोठ्या संपात कारखान्यात ठाण मांडलेल्या कामगारांना कुणाच्या आत्याने खिडकीतून पाव आत फेकले. सत्तरच्या दशकात शेजाऱ्याने जपानी गाडी आणली, तेव्हा ती कारखान्याच्या आवारात उभी करू दिली नाही. बिचारा अर्धा मैल चालत कामावर यायचा आणि चाललेल्या प्रत्येक पावलाला कंपनीला शिव्या घालायचा. पुढे तोच सगळ्यांच्या आधी निवृत्तिवेतन घेऊन मोकळा झाला. अकरा फाटकांपैकी आज एक चालू आहे. गाड्यांची अस्तरं शिवायच्या जुन्या शिवणखात्याच्या शेडमध्ये आता दालन झालंय.

शताब्दीसाठी आम्ही मालकांकडून अनुभव मागवले. दोनशे बारा पत्रं आली. एका बाईने लिहिलं की तिची दोन्ही मुलं वेल्डनच्या मागच्या सीटवर जन्मली, कारण दोन्ही वेळा गाडी एकाच चढावर बंद पडली. एका मास्तरांच्या गाडीचा हीटर फक्त जुलैत चालायचा. एकाने बायको सोडून गेल्याचं दोन ओळींत आणि गिअरबॉक्स गेल्याचं तीन पानांत लिहिलं. आणि एवढं भोगून प्रत्येकाच्या पत्राच्या शेवटी हेच: पुढचीही वेल्डनच घेतली. प्रेम म्हणावं की खोड, मी ठरवलेलं नाही.

साठच्या दशकातली एकच गाडी दालनात जाणार होती. अट एकच: कारखान्यातून निघाली तशीच्या तशी हवी. नंतर बदललेला एक जरी भाग सापडला तरी बाद. शेवटी दोनच गाड्या उरल्या, डुडेकची मेरिडियन आणि ऑर्विल हॅस्किन्सची चौसष्टची. तपासणी शनिवारी होती.

मंगळवारी सकाळी डोनटच्या दुकानात ऑर्विलने कॉफीत साखर ढवळत ढवळत खडा टाकला.

“कॅस, एक विचारू? रागावू नकोस.”

“रागावण्यासारखं असेल तर विचारल्याशिवाय राहणार आहेस का तू?”

“तुझ्या मागच्या डाव्या दाराचं अस्तर निळं कसं काय रे? बाकी तिन्ही करडी आहेत. भंगारातून उचललंस की काय?”

“कुठे निळं? सगळी करडी आहेत.”

“सावलीत करडी. उन्हात बघ की जरा.” ऑर्विल गल्ल्यावरच्या पोरीकडे वळला. “घ्या! मालकालाच ठाऊक नाही. कॅस, गाडी नक्की तुझीच ना? का बहिणीची?”

दुकान हसलं. कॅसही हसला, पण त्याची पोंचकी, म्हणजे जॅम भरलेला पोलिश डोनट, बशीत अर्धी तशीच राहिली, आणि पोलिश माणूस पोंचकी टाकून उठला की समजावं, आत काहीतरी हललंय.

त्या क्षणापासून तो जागेवर ठरला नाही. दुकानातून थेट व्हर्नाच्या गॅरेजमध्ये. गाडी उन्हात काढ, आत घे, पुन्हा काढ. दार उघड, दार लाव. निळंच होतं. मग माझ्याकडे. कुठल्या साली गाडीला काय बसवलं ते सांगणारं क्लबचं हिरवं पुस्तक उघडून उभ्या उभ्याच पानं उलटली. एकसष्टच्या मेरिडियनला अस्तराचे रंग तीन: करडा, तांबडा, पांढरा. निळा साठ साली बंद. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, जणू मधल्या वेळात रंग बदलला असेल.

“बस तरी,” मी म्हटलं.

“बसून काय होणार?” म्हणाला, आणि गेला.

बुधवारी तो पुन्हा व्हर्नाकडे. ती खोकी भरत होती.

“व्हर्ना, या दाराला कधी अपघात झाला होता?”

“माझ्या हातून? जीभ जरा सांभाळ. ते पप्पांचं दार आहे.”

“पप्पा सगळीच दारं आपली म्हणायचे.”

“ऐकून तर घे. त्या आठवड्यात कापडगिरणीत संप होता. करडं कापड संपलं. शिवणखात्यातल्या बायकांनी गेल्या वर्षीचे निळे तुकडे काढून शिवले. फोरमन म्हणाला, असली विजोड गाडी घेणार कोण? पप्पा म्हणाले, दार मी बसवलंय, गाडी मीच घेतो.”

“पुस्तकात नाही तसं.”

“पुस्तक लिहिणारा होता का तिथे?”

“आणि तू होतीस वाटतं!”

“मी जेवणाच्या टेबलावर होते. तू बाहेर बास्केटबॉल खेळत होतास. नेहमीसारखा.”

कॅसने हात झटकला. पप्पांच्या गोष्टी! ज्या माणसाने नदीत पकडलेला मासा दर ख्रिसमसला चार इंचांनी वाढवला, त्याच्या शब्दावर पितळी पाटी कुठे टांगायची? परीक्षक दाराशी येणार, पुस्तक उघडणार, ऑर्विल मागे उभा राहून दात काढणार. हे चित्र त्याला झोपेतसुद्धा दिसत असावं, कारण गुरुवारी सकाळी सातलाच तो चावी मागायला दारात हजर.

“पॉलिश करून आणतो. शनिवारी थेट तिथेच नेईन.”

“मी केलंय पॉलिश.”

“तुझे गुडघे बघ आधी. दे.”

तिने चावी दिली. भाऊ पहिल्यांदाच गाडीसाठी हात काळे करतोय म्हणून तिला बरंच वाटलं, असं ती मला नंतर म्हणाली.

कॅस बे सिटीला गेला. तिथे जुन्या सुट्या भागांचा एक व्यापारी आहे. त्याच्याकडे एकसष्टच्या मेरिडियनचं खरं करडं अस्तर निघालं, मूळ शिलाईचं, कारखान्याच्या शिक्क्यासकट. व्यापाऱ्याने अर्ध्या तासात बसवून दिलं.

“जुनं घेऊन जाताय?”

“काय करू? मोडीत घाल.”

येताना म्हणे त्याने गाडीत गाणं म्हटलं. आठवड्यातले ते पहिले निवांत पन्नास मैल.

शनिवारी दालनासमोरच्या अंगणात ऊन लख्ख होतं. तीन परीक्षक. दोघांच्या हातात हिरवं पुस्तक. तिसऱ्या मिसेस लिओटा प्रुइट, वय चौऱ्याऐंशी, याच शेडमध्ये एकतीस वर्षं शिवणयंत्रावर. हातात पुस्तक नाही, फक्त छोटी विजेरी. व्हर्ना शेजारणीच्या गाडीतून आली आणि भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसली. कॅस एका पायावरून दुसऱ्या पायावर, घड्याळ बघ, बॉनेटवर फुंकर मार, पुन्हा घड्याळ बघ. ऑर्विल खिशात हात घालून आपल्या गाडीला टेकला होता.

पुस्तकवाले दोघे इंजिनकडे वळले. मिसेस प्रुइट सरळ मागच्या डाव्या दाराशी गेल्या. दार उघडलं. विजेरी लावली. हात फिरवला. दुसऱ्या बाजूने जाऊन उजवं दार उघडलं, मिटलं, परत डाव्याशी आल्या.

“बाळा, हे कधी बदललंस?”

“काय, मॅडम? सगळं मूळचं आहे.”

“मूळचं? मग माझं निळं कुठाय?”

कॅस दाराकडे वाकून बघायला लागला.

“गिरणीचा संप होता त्या आठवड्यात,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण पुस्तकवाले दोघेही मान वर करून ऐकायला लागले. “करडं संपलं. बावन्न अस्तरं आम्ही निळ्या तुकड्यांची शिवली. डाव्या मागच्या दाराची सगळी, कारण तिथे कुणाचं लक्ष जात नाही. बाकी गाड्या भंगारात गेल्या, गंजल्या, कुणाकुणा शहाण्यांनी दुरुस्त केल्या. पाच वर्षं मी त्यांतली एक शोधतेय. तुझ्या गाडीचा क्रमांक यादीत बघितला आणि या दोघांना म्हटलं, माझं मत या गाडीला, लिहून ठेवा.”

मला ठाऊक होतं. ते मत मीच लिहून पाकिटात बंद केलं होतं, आणि पाकिटातलं तपासणीआधी कुणाला सांगायचं नसतं.

व्हर्ना खुर्चीतून उठली. काठी विसरली. चार पावलं आली आणि दाराच्या कडेला धरून उभी राहिली. करड्या कापडावर तिने एकदाच बोट टेकवलं, परक्या माणसाच्या कपड्याला चुकून हात लागावा तसं.

“कॅस, कुठे आहे ते?”

“आणतो. आत्ता आणतो. थांबा सगळे.” त्याने फोन काढला. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तो बोलत होता. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. “परवाचं... हो, निळं... अरे, पैसे सांग ना... सोलून? कापड कशाला सोललंस?... कचऱ्याची गाडी कधी गेली?... काल?” मग नुसतंच चालणं, फोन कानाला तसाच.

व्यापाऱ्याला मागचा पुठ्ठा हवा होता. कापड कुणाला हवंय?

पुस्तकवाल्यांपैकी एकाने घसा साफ केला. “नियम आहे, डुडेक. नंतर बसवलेला भाग.”

“पण हासुद्धा कारखान्याचाच आहे! शिक्का बघा!”

“कारखान्याचा आहे,” मिसेस प्रुइट म्हणाल्या. “या गाडीचा नाही.” मग व्हर्नाकडे वळून त्यांनी विचारलं, “त्या दाराशी तू बसायचीस का गं?”

“आई बसायची. डोकं टेकून.”

 बाईंनी विजेरी बंद केली.

मी पाकीट फोडून मत खोडलं. दुपारपर्यंत ऑर्विलची चौसष्ट चौथऱ्यावर चढली. रविवारी मी त्याला दुकानात गाठलं. त्याची आई प्रुइटबाईंच्या शेजारच्या यंत्रावर बसायची, हे गावात निदान मला तरी ठाऊक होतं.

“तुला माहीत होतं ना रे निळ्याचं?”

“मी नुसतं विचारलं होतं,” ऑर्विल म्हणाला. “उत्तर त्याने दिलं.”

आता जमाखर्च. ऑर्विलने खर्च केला एक प्रश्न, जमा झाली पाटी. टेक्ससच्या गृहस्थाने रक्कम मोजली आणि गाडी नेली. त्याचं खातं चुकतं झालं. तो पुस्तकच वाचतो, त्यामुळे चार करडी दारं बघून खूशही झाला. कॅसची पाटी गेली, पण चेक वटला. त्यातला अर्धा घेऊन तो व्हर्नाच्या नव्या खोलीवर गेला होता. तिने कॉफी दिली, पाकीट परत त्याच्या खिशात घातलं आणि हवापाण्याबद्दल बोलत राहिली. तो आता मंगळवारी दुकानात येत नाही. त्याने काही भरलंच नाही, असं मी म्हणणार नाही.

पण ट्रक आला त्या सकाळी मी व्हर्नाच्या जुन्या गॅरेजपाशी होते. कॅस येणार म्हणाला होता, आला नाही. गाडी ट्रकवर चढवताना ड्रायव्हर म्हणाला, “बाई, टाकी काठोकाठ भरलीय. विकायच्या गाडीत एवढं पेट्रोल कोण ठेवतं?” व्हर्ना म्हणाली, “लांब जातेय ना.” आदल्या संध्याकाळी पंपावर जाऊन तिनेच भरलं होतं, स्वतःच्या पैशांनी.