क्षेत्रभेटीला आलेल्या बाई

"दोरी ताणून धरा रे, झोळ नको," भूगोलाचे सर पलीकडच्या काठावरच्या मुलांना म्हणाले आणि त्यांनी पुन्हा मागे वळून बघितलं. बायको झाडाखालच्या दगडावर गुमान बसली होती.

तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी सकाळी ऐनवेळी नाही म्हणून कळवलं. नववीची क्षेत्रभेट रद्द करणं सरांच्या जिवावर आलं, म्हणून ते तिलाच बसमध्ये घेऊन आले. तीही पूर्वी याच शाळेत भूगोल शिकवायची. आता मात्र तिची आठवण विरत चालली होती. घरात बसूनच ती घरी कधी जायचं, असं विचारायची.

नदीची रुंदी मोजून झाली. मुलांनी वेग मोजायला लाकडाचा ठोकळा पाण्यात सोडला. तो पलीकडचा काठ धरून सुसाट निघाला.

"सर, हा मधून का नाही गेला?" एका मुलीनं विचारलं.

सर तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"नदी वळलीये ना इथं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात धावतं, काठ खातं. आतल्या बाजूला दमतं, मग वाहून आणलेली वाळू तिथंच टाकतं. तू कशावर उभी आहेस बघ."

मुलीनं पायाखालची वाळू बघितली आणि हसली. बाई काठाशी आल्या, तशी मुलं भोवती गोळा झाली. मागं कुजबुजणारा एकजण बाईंच्या नुसत्या नजरेनं गप्प झाला. सरांना भरून आलं. आली ही परत, त्यांना वाटलं. डॉक्टरांना काय कळतंय.

तास संपल्यासारखे बाईंनी हात झटकले. सर जवळ जाऊन हळूच म्हणाले, "छान शिकवलंस गं."

तिनं त्यांचा चेहरा निरखला. मग अदबीनं विचारलं, "तुम्ही नवीन का, सर? कुठल्या शाळेतून आलात?"

दोरी गुंडाळणारी मुलं थबकली.

"हो," सर म्हणाले. "नवीनच आहे."

"रुळाल हळूहळू. मुलं गुणी आहेत इथली."

बसकडे जायला काठाची निसरडी चढण होती. सरांनी हात पुढे केला. ती संकोचून बाजूला सरली.

"नको, सर. लग्न ठरलंय माझं. तेही भूगोलच शिकवतात. उगाच कुणी काही बोलायला नको."

"बरं," सर म्हणाले.

त्यांनी हात मागे घेतला. तिला पुढे जाऊ दिलं, आणि तिचा पाय घसरलाच तर ती आपल्याच अंगावर येईल, एवढं अंतर राखून ते तिच्या मागोमाग चढू लागले.