दुमडलेलं टोक

"हॉर्न दाबा," वायरमन फोनवर म्हणाला.

दाबला. गाडी मुकी.

"किल्ली फिरवल्यावर टकटक होते का?"

"टकटक नाही, लाल दिवा नाही, काही नाही. नुसतं प्रेत आहे."

"प्रेतातलं तुम्हाला जास्त कळतं, ताई."

त्याची थट्टा एरवी चालली असती. मी घरोघरी जाणारी नर्स. अंथरुणातून उठता न येणाऱ्या माणसांच्या जखमा धुते, पट्ट्या बदलते. पण आज हसायची ताकद नव्हती. पहिलं घर गावाबाहेरच्या मास्तरांचं. त्यांच्या पाठीला पडलेली जखम नुकती कुठे भरत येऊन लाल दिसायला लागली होती. दोन खाडे आधीच झालेले, दोन्ही या गाडीपायी. काल मोठ्या सिस्टरनी तोंडावर सांगितलं होतं, "आता एकदा जरी चुकलात तर काम दुसरीला. तुम्ही घरीच बसा."

घरीच बसा! त्या घरात आधीच एकजण बसलेला होता. नवरा. त्याचं ऑफिस बंद पडलं तेव्हापासून पायरीवर चहाचा कप घेऊन बसायचा आणि मी निघाले की कपात बघायचा. आताही तिथेच होता.

"म्हातारी झालीय गाडी," तो म्हणाला. "किती दिवस सांगतोय, देऊन टाकू. तू पण दमलीस आता."

"मी दमलेय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिसतं की."

"डोळे तपासून घ्या."

फोनमधून वायरमन खाकरला. "भांडण झालं की सांगा, मी फोन धरून ठेवतो."

"भांडण रोजचंच आहे. तू बोल."

"स्टार्टरचं दुखणं नाही हे. स्टार्टर गेला असता तरी दिवे लागले असते. बॅटरी उतरली असती तर दिवा मिणमिणला तरी असता. एकदम सगळंच गेलं, म्हणजे करंट बॅटरीतून बाहेरच पडत नाही. मागच्या वेळी काय झालं होतं?"

"दोन्ही वेळा संध्याकाळी आपोआप सुरू झाली."

"ताई, मेलेली गाडी आपोआप उठून बसत नाही. कुणीतरी उठवतं. बॉनेट उघडा."

उघडलं. बॅटरीवरचा काळ्या वायरचा क्लॅम्प हलवून बघा म्हणाला. हलवला. दगडासारखा घट्ट.

"घट्ट आहे."

"असू दे. नट सैल करा, क्लॅम्प वर उचला आणि खाली काय आहे बघा."

"अहो, पाना कुठाय?" मी नवऱ्याला विचारलं.

"मला काय माहीत?" तो कपात बघत म्हणाला. "उगाच हात घालू नकोस, शॉक बसेल."

पाना डिकीत होता, नेहमीच्या जागी. नट फिरवला, क्लॅम्प उचलला. बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. दोन वेढे. माझ्या पिशवीतली, जखमेवर लावायची चिकटपट्टी. वर क्लॅम्प नीट बसवून आवळलेला. दिसायला सगळं जागच्या जागी, आत मात्र धातूला धातू लागत नव्हता.

आणि पट्टीचं टोक दुमडलेलं.

मी पट्टी दाताने तोडते आणि तशीच लावते. टोक दुमडणारा माणूस आमच्या घरात एकच. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा हा रात्री माझ्या शेजारी बसून कात्रीने पट्ट्या कापून द्यायचा. प्रत्येकीचं टोक दुमडायचा, म्हणजे सोडवताना टोक चटकन नखात येतं, पेशंटचं कातडं ओढलं जात नाही. मी सगळ्यांना सांगत फिरायचे, माझ्या नवऱ्याला किती कळतं. माझ्या पायात बेडी घालतानाही त्याची बोटं सवयीने तेच करून गेली होती. सोडवताना माझं नख मोडू नये याची काळजी! संतापाने माझे कान तापले.

"सापडलं," मी फोनवर म्हटलं.

"काय निघालं?"

"पट्टी."

वायरमनने पुढे काही विचारलं नाही. "काढा, खुंट पुसा, क्लॅम्प आवळा," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. शहाणा माणूस.

मी पट्टी सोलून काढली, पायरीपाशी गेले आणि नवऱ्याच्या कपाच्या कडेला चिकटवली.

तो बघत राहिला. मग म्हणाला, "तू गेलीस की घर खायला उठतं."

"मग ओरडायचं होतं! म्हणायचं होतं, मला एकट्याला करमत नाही. तोंड दिलंय ना देवाने? तिकडे एक माणूस पाठ सडवत पडलाय माझ्या वाटेकडे डोळे लावून, आणि तुम्ही माझ्याच पिशवीतली पट्टी चोरून माझीच गाडी मारता?"

"हळू बोल. लोक ऐकतील."

"ऐकू देत!"

"लोकच विचारतात," तो पुटपुटला. "बायको रोज बाहेर, तुम्ही घरी काय करता? काय सांगू?"

"मी काय सांगू? नवरा घरी बसून गाडीचा गळा आवळतो?"

मला आणखी ऐकायचं नव्हतं. परत जाऊन खुंट पदराने पुसला, नट आवळला, बॉनेट धाडकन आपटलं. किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

आमच्या बोळातून गाडी मागे घेत बाहेर काढावी लागते. दोन्हीकडे भिंती, हातभर जागा. मी गिअर टाकला तेव्हा तो पायरीवरून उठला, फाटकाकडे गेला, दोन्ही दारं उघडून रस्त्यावर उभा राहिला. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"येऊ दे," तो म्हणाला. "येऊ दे. डावीकडे थोडं. येऊ दे."

मी त्याच्याकडे मान वळवली नाही. आरशात बघून मागे घेतली. आरशात तोच होता, हात हलवत, मला वाट दाखवत.