घंटेची दोरी

"मानेवर श्वास नको सोडूस गं. डब्यात एवढी माणसं आहेत, जा, त्यांची तिकिटं काप."

माझा नवरा मेल्क कुरकुरला. मी हलले नाही. चढावर आमचं इंजिन डब्याला मागून ढकलतं, त्याला पुढचं काही दिसत नाही. पुढच्या फळीवर ब्रेकच्या चाकाशी मेल्क उभा. त्यानं घंटेची दोरी एकदा ओढली की रस्ता मोकळा, दोनदा ओढली की थांब. इंजिनावरचा कॅस्पर एवढ्यावर विसंबून गाडी हाकतो.

गेल्या उन्हाळ्यापासून मी मेल्कच्या कानाशी असते. "डावीकडे गाय आहे रे."

"दिसतंय मला."

"दिसतंयच की."

राहतं घर कंपनीचं. नोकरी गेली की तेही जाणार. म्हणून त्याला दिसतं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्या दिवशी एका म्हातारीची टोपी उडाली आणि ती धरायला मी मागे वळले. तेवढ्यात घंटा झाली. एकदाच.

पुढे पाहिलं तर मधल्या दातेरी रुळाला वंगण लावत रुळांवरचा कामगार बाल्त्स ओणवा. शेजारी धबधबा, त्याला आमचा आवाज कुठला! त्याच्या अलीकडे रुळांमध्ये रोवलेला तांबडा झेंडा चांगला फडफडत होता. मी दोरीला दोन हिसके दिले आणि चाकावर अंग टाकलं. झेंड्याची काठी डब्याखाली मोडली, तेव्हा कुठे गाडी थांबली.

बाल्त्स उठला, चुन्यासारखा पांढरा. म्हणाला, "वाऱ्यानं गुंडाळला असेल झेंडा."

कॅस्पर मागून धावत आला. "ऊन असतं ह्या वळणावर, डोळ्यांवर येतं."

ऊन आमच्या पाठीवर होतं.

"रुळावर काय बसतोस लेका," मेल्क हसला, "बायको घरात घेत नाही वाटतं?"

तिघंही हसले.

"चला, उशीर होतोय," म्हणत कॅस्पर इंजिनाकडे निघाला. बाल्त्स काठीचे तुकडे वेचायला वाकला, आमच्यापासून हातभर अंतरावर, दोन रुळांच्या मधोमध.

मेल्कनं मान ताठ केली, नेहमीसारखं समोर नीट पाहिलं.

"मोकळा आहे," तो म्हणाला आणि दोरीकडे हात नेला.

मी त्याचं मनगट धरलं. तो सोडवू लागला, मी सोडलं नाही.

"कॅस्पर!" मी ओरडले. "थांब. ह्याला दिसत नाही."