सहा घागरींचं काम

झाडं मेली, तर फायदा रंभाबाईचाच होता. म्हणून डॉक्टर देशकर माशांच्या काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून कुजलेली पाती चिमट्यानं एकेक करून उपटत होते, तेव्हा रंभाबाई कमरेवर घागर घेऊन मागं उभी होती आणि चेहऱ्यावर जेवढं दुःख दाखवायला हवं तेवढंच दाखवत होती.

"हेही गेलं," डॉक्टर म्हणाले. "मूळच धरत नाही. रंभाबाई, पाणी पूर्ण बदला. तीन घागरी आत्ता, तीन संध्याकाळी."

"हो जी," रंभाबाई म्हणाली आणि विहिरीकडं वळली. सहा घागरी, म्हणजे आजचा दिवस पक्का.

साकोलीतल्या या दवाखान्यात ती चार वर्षांपासून पाणी भरायची. पेशंटांना प्यायला, डॉक्टरांना हात धुवायला, सुया उकळायला. मग एकोणऐंशीच्या संक्रांतीला दवाखान्यात नळ आला. कंपाउंडर घनश्यामनं तोटी फिरवली, धार बघितली आणि हाक मारली, "मावशी, पाहून घ्या. सवत आली तुमची."

"येऊ दे," रंभाबाई म्हणाली. "तिले घागर घासता येते काय, ते पुसा."

सवतीला घागर घासता येत नव्हती, पण बाकी सगळं येत होतं. रंभाबाईला वाचवलं ते टाकीनं. सुईला घाबरणाऱ्या पोरांचं मन रमावं म्हणून डॉक्टरांनी दिवाळीत ती नागपूरहून आणली होती. आत लाल मासे आणि गवतासारख्या लांब पातीची झाडं. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास यायचा. ते ओतल्या दिवशी दोन मासे पोट वर करून तरंगले, आणि टाकीला विहिरीचंच पाणी लागेल असं ठरलं. काम नसलेलं माणूस ठेवणं डॉक्टरांच्या स्वभावात नव्हतं. ते वाईट नव्हते, नीटनेटके होते.

हे काम गेलं तर पुढं काय, हे रंभाबाईच्या पायांना ठाऊक होतं. तिच्या घरात पिढ्यानपिढ्या गावच्या तलावात शिंगाडा लावत. आषाढात छातीभर पाण्यात उभं राहायचं, शिंगाड्याच्या वेलीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि तळच्या गाळात दाबायचं. हात तिथवर पोचत नाही, सगळं काम पायाचं. चार वर्षांपूर्वी ती या दवाखान्यात आली तेव्हा चिखल्यांनी तिच्या बोटांच्या बेचक्यात मांस दिसत होतं. डॉक्टरांनी पाय बरे केले आणि म्हणाले, "आता पाणी डोक्यावर घ्या, पायाखाली नको." त्या दिवसापासून ती इथं होती.

आणि झाडं का मरतात, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. डॉक्टरांनी टाकीतली रेती उकळली होती, वर जांभळ्या औषधात रात्रभर भिजवली होती. पाणी इंजेक्शनच्या बाटलीतल्यासारखं स्वच्छ. शिवाय दर रविवारी डॉक्टर झाड उपटून, उजेडात धरून, मूळ आलं का ते बघायचे.

घनश्यामला संशय होताच. "मावशी, तुमच्या खानदानानं पाण्यात झाडं लावली. हे कायले मरून राहिले?"

"नागपूरचे आहेत. इथलं पाणी मानवत नसन."

"अन् खरं?"

"खरं तुमाले कायले पायजे? घागर का तुमाले न्या लागते?"

घनश्याम हसला आणि पुड्या बांधायला लागला. अशी होळी आली.

होळीनंतर एकदा रंभाबाई टाकीची काच पुसत होती. मागच्या कोपऱ्यात, जिथं डॉक्टरांचा चिमटा पोचत नसे, तिथं माशांची घाण साचली होती. त्यात पातीचा एक तुटका बुडखा अडकला होता. त्यातून सुतासारखा पांढरा धागा निघून काचेला चिकटून खाली चालला होता.

ती उकिडवी बसली. फडकं हातातच राहिलं.

"काय पाहून राहिल्या?" घनश्यामनं औषधाच्या खिडकीतून विचारलं. "लोक उभे आहेत, वाट द्या."

"मूळ."

"मंग?"

"हे असं जाते होय खाली." ती काचेवरून बोट फिरवत म्हणाली. "किती वेली लावल्या असन मी, भाऊ. पायानं दाबाचं अन् निघून याचं. वर नवं पान दिसलं का समजाचं, धरलं. खाली काय होते, हे कोणी पायलंच नाही. माह्या मायनं नाही, तिच्या मायनं नाही."

तीन दिवस ती येता-जाता त्या कोपऱ्यात बसली. धागा घाणीतून निघून कोऱ्या रेतीपर्यंत आला आणि तिथं थांबला. चौथ्या दिवशीही तिथंच. याला गाळ मिळाला असता तर हा कुठवर गेला असता, हे तिला कळेना, आणि ते कळल्याशिवाय चैन पडेना. इथं तिचा हिशेब बिघडला.

रविवारी डॉक्टरांनी चिमटा उचलला तशी ती म्हणाली, "डाक्टरसायेब, लेकराले रोज पाळण्यातून उचलून पायलं का किती वाढलं, तर झोपन का ते?"

डॉक्टरांचा हात अधांतरी राहिला. "म्हणजे?"

"खाली तलावाचा गाळ पायजे. अन् हात नाही पायजे."

"गाळ? अहो, गाळात जंतू असतात."

"असन जी. पण तुमी जेवता तो भात कोण्या उकळलेल्या मातीत पिकते?"

घनश्यामला खोकला आला. डॉक्टरांनी चिमट्याकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या त्या धाग्याकडं, आणि चश्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे. करा. बघू तरी."

रंभाबाईनं गावच्या तलावातून डबाभर गाळ आणला. उन्हात वाळवला, काड्या-शिंपले वेचले. टाकीत दोन बोटं गाळ, त्यावर रेतीचा थर. पाणी ओतताना मध्ये ताटली ठेवली, गाळ उठू नये म्हणून. नागपूरहून नव्या आणलेल्या झाडांची कुजकी पाती तिनं नखानं खुडली, तीन-तीन झाडं चिंधीनं खड्याला बांधली, बोटानं भोक पाडून दाबली आणि प्रत्येक झाड जरासं वर ओढून घेतलं. मुळावरचा गळा मोकळा राहिला पाहिजे. शेवाळ धरू नये म्हणून खिडकीला अर्धं जुनं लुगडं लावलं.

"आता पंधरा दिवस हात नाही," ती म्हणाली. "पाणी बी नाही बदलाचं. कमी झालं तेवढंच वरून टाकाचं."

घनश्यामनं मान वर केली. डॉक्टर आत गेल्यावर तो खिडकीतून हळूच म्हणाला, "मावशी, काय बोलल्या ते समजते ना तुमाले?"

"समजते."

"मंग?"

"मले पाहाचं आहे."

पाचव्या दिवशी पाती पिवळी पडली. डॉक्टर चिमटा घेऊन आले. रंभाबाई मध्ये उभी राहिली. "ते नागपूरचं पान आहे जी, ते जाणारच. इथलं पान मंग येते." डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि टाकीभोवती एक फेरी मारून परत गेले. असं ते दिवसातून चारदा करू लागले.

अकराव्या दिवशी समोरच्या काचेला मूळ आलं. मग दुसरं. गाळात ती आडवी-उभी पसरली, फांद्या फुटल्या, केसांसारखी बारीक झाली. पेशंट रांग सोडून काचेपुढं बसू लागले. जन्मभर तलावात उतरलेली माणसं. मोहाडीकडचा एक म्हातारा कितीतरी वेळ बघत होता. "तलाव बाजूनं असा दिसते काय?" म्हणाला, आणि आपला नंबर गेलेला त्याला कळलाच नाही. पोरं रडायची विसरली. एका बाईनं तर मूळ बघता बघता इंजेक्शन घेतलं आणि नंतर विचारलं, "टोचलं का?"

रंभाबाई सगळ्यांच्या मागं उभी राहून बघायची. ज्येष्ठात एका झाडानं रेतीवरून आडवा तंतू सोडला आणि त्याच्या टोकाला पिलू उभं केलं. त्या दिवशी तिनं घनश्यामला हात धरून ओढत आणलं.

टाकीला आता आठवड्याला अर्धी घागर पाणी लागत होतं. तेही घनश्यामनं सोपं केलं. त्यानं एकदा नळाची बादली रात्रभर उघडी ठेवली, तर सकाळी वास गेलेला. मासे जगले. त्यानं हे अभिमानानं डॉक्टरांना सांगितलं आणि सांगून झाल्यावर त्याची नजर रंभाबाईच्या घागरीकडं गेली.

महिनाअखेर डॉक्टर म्हणाले, "रंभाबाई, तुम्हीच बघता, आता..." आणि महिन्याचे पैसे पुढं केले.

"हो जी," ती म्हणाली. तिनं दवाखान्याची घागर राखेनं घासली, लख्ख केली, टाकीशेजारी पालथी घातली आणि गेली. आषाढ लागला होता. तलावात वेली वाट बघत होत्या.

अश्विनात ती रांगेत दिसली. दोन्ही पायांना फडकी गुंडाळलेली.

"मावशी!" घनश्याम खिडकीतून जवळजवळ बाहेर आला.

तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती टाकीपुढं बसली होती. टाकी आता हिरवीगार, माशांना वळायला जागा नाही अशी. "दाटले," ती म्हणाली. "अर्धे काढा, भाऊ. नाहीतर आपसातच मरन."

डॉक्टरांनी फडकी सोडली. बोटांच्या बेचक्या चार वर्षांपूर्वीसारख्याच. औषध लावता लावता ते सवयीनं म्हणाले, "पाण्यात उतरू नका," आणि मान खाली घालून पट्टी उलगडू लागले.

रंभाबाई हसली. "पहिले नुसतं दाबाचो जी आमी. आता अंगठा गाळात गेला का खालचं सारं दिसते मले. पांढरं, केसावाणी."

डॉक्टर पट्टी बांधत राहिले. उठताना तिनं फीचं विचारलं, तसे ते घाईनं म्हणाले, "नाही, नाही. तुमच्याकडून कसली फी?"

"असं नसते जी." तिनं पदराची गाठ सोडली. हिरवे, ओले शिंगाडे टेबलावर घरंगळले. दोन चिठ्ठ्यांवर पाणी पसरलं. "पहिला तोडा आहे. खाऊन पाहा."

ती टाचांवर चालत, बोटं उचलून धरत पायऱ्या उतरली.

डॉक्टरांना हिरवी टाकी मिळाली होती, पोरांना रडू विसरायची जागा, घनश्यामला नळाच्या पाण्याची शाबासकी. रंभाबाईला मूळ दिसलं होतं. आणि फी भरली होती तिनंच.