क चा त

ठकी चार वर्षांची झाली तरी क म्हणायला गेली की त यायचा, आणि ग म्हणायला गेली की द. काका तिचे ताता, गाडी तिची दाडी. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आईला समजावलं होतं, की जिभेचा मागचा भाग उचलायचा तिथे पोरं पुढचं टोक लावतात. पुष्कळांचं आपोआप सुटतं, हिचं जरा लांबलंय, सराव करून घ्या. आईने ते नवऱ्याला सांगितलं. त्याने नुसता हुंकार भरला. ठकी बोलली की तो बायकोकडे बघायचा, आणि ती अर्थ सांगायची. पाळणाघरातही कुणाला कळेना, तेव्हा तिने नोकरी सोडली. त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं.

त्या दिवशी गॅसवर बटाटे उकडत ठेवून ती गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. वाऱ्याने काचेचं दार आपटलं आणि आतली कडी पडली. ठकीचा हात तिथवर पोचेना. तिसरा मजला, समोर गोदामाची बिनखिडकीची भिंत, खाली गोदामाच्याच मोठ्या पंख्याची घरघर. हाका मारून मारून आईचा आवाजच बसला.

तेवढ्यात आत फोन वाजला. ठकीने उचलला आणि सवयीने स्पीकर लावला. छापखान्यातून बाबा बोलत होते.

"आई दॅलरीत अडतली," ठकी म्हणाली.

मागे मशीन धडधडत होतं. "डायरी? आईला दे बरं."

"आई ताचेमादे. तडी लादली."

"आईला दे, बाळा."

आई काचेवर थापा मारत होती. पोरीचा शब्द न् शब्द तिला कळत होता, सांगता मात्र येत नव्हता. आपण सतत मध्ये उभ्या राहिलो, म्हणून दुसऱ्या कुणाचा कान तयारच झाला नाही, हे तिला उमगलं. ठकीचे ओठ थरथरले. आपलं बोलणं कळलं नाही की ती मग दिवसभर तोंड उघडत नसे.

"बाबा, धरी ये."

"काय धरू?"

"धरी. आपल्या धरी. आत्ता."

पलीकडे मशीन थांबलं. मग बाप हळूच म्हणाला, "घरी?" त्याने तिला आधीचं सगळं पुन्हा, एकेक शब्द म्हणायला लावलं. "कडी लागली," तो स्वतःशीच म्हणाला, आणि फोन बंद झाला.

वीस मिनिटांत तो आपल्या किल्लीने आत आला. आधी गॅस बंद केला. पातेलं जळून काळं झालं होतं. मग गॅलरीचं दार उघडलं. बायको भिंतीला टेकून खाली बसली. बसल्या बसल्याच म्हणाली, "उद्यापासून संध्याकाळी तासभर मी बाहेर जाणार. हिला तू सांभाळ."

"मला नाही कळलं तर?"

"तिलाच विचार."

दुसऱ्या दिवशी ती निघाली, पण गल्लीच्या कोपऱ्यावरून पाय पुढे पडेना. कान घराकडेच होते. तासभर ती तिथेच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र चौकापर्यंत गेली.